हे पान मी लिहिलं आहे

माझी वेबसाइट सर्च इंजिनमधून गायब झाली ही बातमी मला अमडापूरहून कळली. माझी एक कॉलेजातली मैत्रीण तिथे वडिलांचं कृषी केंद्र चालवते. बियाणं, खत, औषधं, फवारणीचे पंप असं सगळं तिच्याकडे मिळतं. तिचा फोन आला तेव्हा मी मेहकरला, नवऱ्याच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसले होते.

"काऊन वं, साइट बंद केली काय तू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही, का गं? तिच्या दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने बॅटरीच्या पंपाबद्दल फोनवर शोधलं होतं. असं कोणी शोधलं की बहुतेक वेळा माझं पान सगळ्यात वर यायचं. त्या दिवशी तिने त्याच्या फोनवर खालपर्यंत सरकवून पाहिलं, मग स्वतःच्या फोनवर पाहिलं. माझं पान कुठेच नव्हतं.

हा फोन तिने करावा याचं मला तेव्हाही नवल वाटलं. माझ्या पानांवरच्या लिंकवरून लोक पंप ऑनलाइन मागवत होते आणि तिच्या दुकानातलं गिऱ्हाईक कमी होत होतं. हे तिने मला तोंडावर सांगितलं होतं, आणि आमचं त्यावरून एकदा चांगलं वाजलंही होतं. तरी पहिला फोन तिचाच आला.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण आमच्या गल्लीतही ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. मी शेतातल्या आणि घरातल्या यंत्रांबद्दल मराठीत लिहिते. फवारणीचे पंप, घरघंट्या, गवत कापायची यंत्रं, पाण्याच्या छोट्या मोटारी. ते यंत्र मी स्वतः वापरते, बरंवाईट लिहिते आणि खाली विकत घ्यायची लिंक देते. त्या लिंकवरून कोणी ते घेतलं तर विकणारी कंपनी मला थोडं कमिशन देते. इंग्रजीत याला मोठं नाव आहे. मी माझ्या साइटवर पहिल्या दिवसापासून सरळ लिहिलं होतं की मला यात दलाली मिळते. नवऱ्याला तो शब्द आवडला नव्हता. कमिशन म्हण, म्हणाला. मी म्हटलं, लोकांना जो शब्द कळतो तोच राहू द्या.

सुरुवात एका गळक्या पंपापासून झाली. माझ्या सासऱ्यांना आम्ही बॅटरीचा पंप घेऊन दिला होता. घेण्याआधी मी इंटरनेटवर वाचलं, एका पानावर त्याचं भरभरून कौतुक होतं, म्हणून तोच मागवला. कपाशीवर फवारताना सासरे वाकले की टाकीच्या झाकणातून औषध पाठीवर यायचं. संध्याकाळी घरी आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता आणि कातडी लालभडक झाली होती. मी त्यांच्या पाठीवर पाणी ओतत होते आणि डोक्यात त्या पानाचाच विचार होता. ज्याने ते लिहिलं त्याने हा पंप कधी पाठीवर घेतलाच नव्हता, हे मला तेव्हा लख्ख कळलं. घेतला असता तर वाकल्यावर काय होतं ते त्याला माहीत असतं.

मी बी.एस्सी. आहे, लग्नाआधी थोडे दिवस कम्प्युटरचा क्लास घेत होते. साइट कशी उभी करतात ते शिकायला मला फार जड गेलं नाही. पंप नवऱ्याच्या दुकानात दुरुस्तीला येतच होते. मी ते उघडून बघायची, वावरात नेऊन पाण्याने चालवायची, मग लिहायची. पट्टा खांद्याला काचतो, तर त्याखाली जुन्या लुगड्याची घडी शिवून घ्या, असली माहिती कंपनीच्या पुस्तिकेत नसते. माझ्या पानावर ती होती. लोक वाचू लागले. वाशीम, अकोला, जालना, कुठून कुठून फोन यायचे.

आणि आता ते सगळं एका झटक्यात दिसेनासं झालं.

त्या दुपारी मी दुकानातल्या स्टुलावर बसून स्वतःच शोधून पाहिलं. माझ्या पानाच्या जागी कुठल्याशा मोठ्या शहरातल्या साइटचं पान होतं. सर्वोत्तम फवारणी पंपांची यादी. फोटो सगळे कंपनीचे, पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलेले, चिखलाचा एक थेंब नाही. मी खाली खाली वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. "पट्ट्याखाली जुन्या साडीची घडी लावल्यास खांद्यास आराम मिळतो." लुगड्याची साडी केली होती, वाक्याला इस्त्री केली होती, बाकी माझंच. आणि त्या यादीत पहिल्या नंबरावर कोणता पंप होता? ज्याने सासऱ्यांची पाठ पोळली होती तो.

मी नवऱ्याला ते दाखवलं. तो तांब्याची तार गुंडाळत होता. त्याने वाचलं, परत तार हातात घेतली आणि म्हणाला की सोडून दे, दुसरं काहीतरी कर. त्याने ते मायेनेच म्हटलं होतं. पण मला ते दुसरं काहीतरी करायचं नव्हतं.

आधी मी एका सल्लागाराला गाठलं. पुण्याचा तरुण मुलगा, साइटा वर आणून देण्याचं काम करायचा. त्याने फोनवर शांतपणे समजावलं की सर्च इंजिनाने दर्जाचे नियम कडक केले आहेत. ज्या साइटा नुसत्या लिंका देऊन दलाली खातात, विकणाऱ्याच्याच माहितीत चार शब्द घालून पानं भरतात, त्यांना खाली ढकललं आहे. मी म्हटलं, ते बरंच केलं, पण माझी साइट तशी नाही. तो म्हणाला, मॅडम, यंत्राला कसं कळणार?

मग त्याने उपाय सांगितले. भाषा शुद्ध करा. वावर लिहू नका, शेत लिहा. फवारा लिहू नका, फवारणी संयंत्र लिहा. दलालीची ओळ वरून काढा आणि अगदी तळाला बारीक अक्षरात टाका. जी यंत्रं घेऊ नका असं लिहिलंय ती पानं काढून टाका, त्यातून तुम्हाला काहीच मिळत नाही. आणि लेखक म्हणून एक कृषितज्ज्ञ दाखवा. चेहरा तो बनवून देणार होता. चष्मा, टाय, मागे हिरवं शेत.

मी विचारलं, "त्या माणसाला फवारणी येते का?"

"मॅडम, तो माणूस नसतोच."

मी त्याला सांगितलं की माझ्या सासऱ्यांची पाठ मात्र असते. फोन ठेवला. पुन्हा त्याला केला नाही.

त्यानंतर मी ते नियमच वाचायला घेतले. इंग्रजीत, लांबलचक, सरकारी परिपत्रकासारखे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचायची, अडलं की शब्दकोश काढायची. मला वाटत होतं की त्यात आमच्यासारख्यांना हाकलून लावायची काही कलमं असतील. तसं काही निघालं नाही. वस्तू स्वतः वापरून लिहा. वापरल्याचा पुरावा दाखवा, आपले फोटो घाला. विकणाऱ्याने सांगितलं त्यापेक्षा जास्त काही सांगा. वाईट ते वाईट म्हणा. पैशासाठी लिंक दिली असेल तर तसं यंत्रालाही कळेल अशी खूण करा. मी वाचत गेले तसा माझा राग वाढत गेला. हे तर मी करतच होते. हे नियम घेऊन मी त्या पहिल्या नंबरवाल्यापुढे उभी राहिले असते तर एकेका ओळीला त्याची मान खाली गेली असती. आणि वर तो होता.

एक प्रश्न मात्र असा होता की तिथे मी अडले. हे पान कोणी लिहिलं, वाचणाऱ्याला कळतं का?

कळत नव्हतं. माझ्या साइटवर माझं नाव नव्हतं. फोटो होते ते पंपाचे, झाकणाचे, पट्ट्याचे, फार तर माझ्या हाताचे. सुरुवातीलाच घरात ठरलं होतं तसं. सासरे म्हणाले होते, लिही काय लिहायचं ते, पण घरच्या सुनेचं नाव आणि चेहरा जगात नको. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. लोकांना पंपाची माहिती हवी, माझं तोंड कशाला हवं, असं मीच म्हटलं होतं.

आता मी जेवताना विषय काढला. सासरे म्हणाले, "सुनेचा फोटो कायले पाह्यजे लोकाईले? तुया नवऱ्याचं नाव टाक. दुकान त्याचं हाये."

मी म्हटलं, "बाबा, पंप मी चालवला. लिहिलं मी. नाव त्यांचं टाकलं तर ते खोटं होईल, आणि खोटं लिहिणारे आधीच भरपूर आहेत."

त्यांचा होकार मला मिळाला नाही. मी तो मिळेपर्यंत थांबलेही नाही, हे इथे स्पष्ट सांगते. नवऱ्याला मी वेगळं विचारलं. तो बराच वेळ स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिला आणि म्हणाला, टाक. मग म्हणाला, बाबांशी मी बोलतो. तो काय बोलला मला माहीत नाही, आणि बोललाच की नाही तेही माहीत नाही.

मी अमडापूरला गेले. मैत्रिणीला म्हटलं, तुझ्या दुकानातले पंप आणि मी आणलेले ऑनलाइनचे, दोन्ही शेजारी ठेवून लोकांपुढे चालवू. तू फोटो काढ. ती म्हणाली, माझं दुकान, माझे पंप आणि गिऱ्हाईक पाठवायचं तुझ्या लिंकवर, हे बरं आहे तुझं. मी म्हटलं, तुझा चांगला निघाला तर तसं लिहीन. तिने लगेच उलट विचारलं.

"आन तुयाच लिंकवाला फुसका निघाला तं?"

"तेही लिहीन."

बाजाराच्या दिवशी आम्ही दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत पंप मांडले. टाक्यांत नुसतं पाणी होतं. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, तोंडाला फडकं बांधलं, जशा आमच्याकडे फवारणीला जाणाऱ्या बायका बांधतात, आणि एकेक पंप पाठीवर घेऊन चालले. वाकले, उठले, पुन्हा वाकले. माणसं जमायला लागली. बाई पंप घेऊन बाजारात काय करून राहिली हे बघायला आधी जमली, मग पंप बघायला थांबली. मी आणलेल्या ऑनलाइनच्या दोन पंपांपैकी एकाच्या झाकणातून पाणी आलं. तोच, सासऱ्यांवाला. माझा शर्ट मागून ओला झाला तेव्हा मी लोकांकडे पाठ करून उभी राहिले आणि मैत्रिणीला म्हटलं, हा फोटो आधी काढ.

तेवढ्यात एक वयस्कर शेतकरी पुढे आले. पांढरी टोपी, हातात भाजीची पिशवी. त्यांनी माझी साइट पाहिलेली होती. त्यांच्या मुलाने तिच्यावरूनच कधीतरी पंप मागवला होता. त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "बाई, तुमाले दलाली भेटते म्हन्ते. मंग खराबाले खराब कायले म्हनसान तुमी?"

लोक माझ्याकडे बघायला लागले. मैत्रीणही बघत होती, कारण हाच प्रश्न तिचाही होता. मी फडकं तोंडावरून खाली केलं. लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहिते, पण तिथे आमचंच आलं.

"हाव काका, भेटते. बैलाच्या बाजारात दलालालेबी भेटते. पन ज्यानं एकडाव मारका बैल तुमच्या गळ्यात घातला, त्याच्याकडे तुमी परत जासान काय?"

ते म्हणाले, नाही जात. मग पिशवी मैत्रिणीकडे दिली आणि म्हणाले, तो चांगला कोणता म्हणता तो माझ्या पाठीवर द्या.

चांगला मैत्रिणीच्या दुकानातला निघाला. मी तसं लिहिलं. लिंकच्या वरच लिहिलं की हा पंप तुमच्या गावच्या दुकानात मिळत असेल तर तिथे जा, पाठीवर घेऊन पाहा, आवडला तर तिथेच घ्या. पुण्याच्या त्या मुलाने हे वाचलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता. मी पानांची भाषाही बदलली, पण त्याने सांगितली त्याच्या उलट दिशेने. जिथे जिथे मी भीत भीत शेत लिहिलं होतं तिथे वावर केलं. आमचे लोक फोनच्या कानात बोलून शोधतात. ते फवारणी संयंत्र असं काही म्हणत नाहीत, ते विचारतात की फवाऱ्याचा पंप चांगला कोणता हाये. मी तेच शीर्षक दिलं.

आणि प्रत्येक पानावर, सगळ्यात वर, माझं नाव टाकलं. फोटो बाजारातला. फडकं खाली केलेलं, चेहरा मागे वळवलेला, पाठ ओली, केस विस्कटलेले, मागे कृषी केंद्राची पाटी आणि डोकावणारी माणसं. खाली एक ओळ लिहिली. हे पान मी लिहिलं आहे, हा पंप मी चालवला आहे, शंका असेल त्याने मेहकरला येऊन विचारावं.

विचारायला आला तो भलताच माणूस. गळक्या पंपाच्या कंपनीचा एक प्रतिनिधी गाडी घेऊन दुकानात आला. मी आतल्या बाजूला बसले होते. तो नवऱ्याला म्हणाला की घरच्यांना जरा समजवा, ते पान काढायला सांगा, आपण धंदेवाली माणसं, एकमेकांना सांभाळून घ्यायला पाहिजे. दुरुस्तीचं काम आम्ही तुमच्याकडेच पाठवू, असंही म्हणाला.

नवऱ्याने मान वर केली नाही. "पान तिचं हाये," तो म्हणाला. "मी मोटारी गुंडाळतो. तिले इचारा."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो माझ्या बाजूने असा चारचौघांत बोललेला मला आठवत नाही. मी बाहेर आले. तोच पंप दुकानात होता, कोणीतरी दुरुस्तीला टाकलेला. मी त्यात पाणी भरून तो त्या माणसापुढे तिरपा केला. त्याच्या बुटावर पाणी पडलं. मी म्हटलं, तुम्ही झाकण बदला, मी पान बदलते. नवीन झाकणाचा पंप पाठवा, पुन्हा बाजारात चालवीन, लोकांपुढे. तो हसला, व्हिजिटिंग कार्ड ठेवून गेला. नवीन झाकण आजपर्यंत आलं नाही. पान आहे तसंच आहे.

माझं वाक्य उचलणाऱ्या साइटची मी सर्च इंजिनाकडे तक्रार केली. माझं पान आधीचं आहे हे दाखवलं, दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाठवल्या. यंत्राचं छापील उत्तर आलं की तुमची तक्रार मिळाली. पुढे काही नाही. मी पुन्हा केली. अजूनही अधूनमधून करते. त्यांना कंटाळा आला तरी मला येणार नाही.

सहा-आठ महिने माझी साइट जवळजवळ अंधारात होती. कमिशन नावाला यायचं. सासरे एकदा जाता जाता म्हणाले की मुलांच्या शिकवण्या घे, त्यात मान आहे. ते माझं वाईट चिंतत नव्हते. त्यांनी ते फोटोवालं पान अजून पाहिलेलं नाही. कोणी त्यांना दाखवायला गेलं तर फोन परत देतात. मी आता त्यावर काही बोलत नाही, आणि पानावरचा फोटोही हटवत नाही.

मग एका सकाळी मैत्रिणीने फोन केला आणि म्हणाली, बघ. मी बघितलं. एक पान वर आलं होतं, अगदी पहिलं. कोणतं, तर गळक्या पंपाचं, ज्याचं शीर्षकच घेऊ नका असं आहे. माझ्या सगळ्या साइटवरचं हे एकच पान, ज्याच्यावर मला दमडी मिळायची सोय नाही. मी दुकानात बसून इतकी हसले की नवऱ्याने तार बाजूला ठेवली आणि काय झालं ते विचारलं. त्याला दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे यंत्राला कळतं तर. मी म्हटलं, त्याला कधीतरी कळतं. त्याच्या भरवशावर मी लिहीत नाही.

त्यानंतर आणखी काही पानं वर आली, काही अजून खालीच आहेत. का, ते मला माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे असं म्हणतात त्यांनाही नाही, हे मी आता खात्रीने सांगते. त्या मोठ्या साइटची यादीही जिवंत आहे, माझ्या लुगड्याच्या साडीसकट. पण एक झालं. लोक आता सर्च इंजिनातून येण्यापेक्षा साइटचं नाव टाकून थेट येतात. फोनवर लोकांनीच ग्रुप केलेत, त्यात माझी पानं फिरतात. सोनाळ्याच्या एका बाईने मला घरघंटीबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली की तुमचं नाव नणंदेने दिलं. माझं नाव दिलं, साइटचं नाही.

अमडापूरच्या मैत्रिणीशी माझं अजून वाजतं. एखाद्या पंपाला मी बरं म्हटलं आणि तो तिच्याकडे नसला की ती दोन दिवस फोन उचलत नाही. मग स्वतःच करते. ती म्हणते, तू माझं गिऱ्हाईकही पळवतेस आणि पाठवतेसही, नक्की हिशोब काय धरायचा? मी म्हणते, धरू नको.

गेल्या आठवड्यात पुन्हा नियम बदलल्याचं ऐकलं. ज्यांच्या साइटा आहेत त्या लोकांत मोठी घबराट होती. तो पुण्याचा मुलगाही, इतक्या दिवसांनी, स्वतःहून मेसेज करून गेला की मॅडम, आता तरी मदत लागेल. मी माझी पानं कुठे आहेत ते बघितलं. दोन खाली गेली होती. मी त्याला उत्तर दिलं नाही. दुकानात गवत कापायचं एक नवीन यंत्र आलं होतं, कंपनी म्हणते धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, जाड गवतही कापतं. मी शर्ट चढवला, नवऱ्याला म्हटलं पेट्रोलची बाटली द्या, आणि यंत्र खांद्याला अडकवून वावराकडे निघाले. धुऱ्यावर सासरे उभे होते. त्यांनी मला येताना पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि कुठलं गवत सगळ्यात जाड आहे ते हाताने दाखवलं.